शर्वाणीची सुटका

“शर्वाणीनं सासर सोडलं, त्या दिवशी मी अख्ख्या आळीत पेढे वाटले होते,” दत्तमंदिरात वाती वळता वळता पालकरकाकू म्हणाल्या.

“आणि मी तिच्या सुटकेसाठी मंगळवार धरले होते,” शैलावहिनी हसल्या. “आमचे हे म्हणाले, अगं, ती मालिकेतली बाई! म्हटलं, असू दे. बाईचा जीव तो बाईचाच.”

मालिका संपून महिना झाला, तरी दोघींच्या तोंडी अजून शर्वाणीच होती. शेजारी बसलेल्या कुंदाला त्या बोलण्यानं धीर आला. सकाळपासून मनात घोळत असलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं.

“काकू, मलाही घर सोडायचंय. हे मारतात हो. आजच्या दिवस तुमच्याकडे राहू?”

दोघींचे हात थांबले. वहिनींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. “तुझ्यासाठीही धरते गं मंगळवार,” त्या हळूच म्हणाल्या.

काकूंनी मायेनं कुंदाच्या पाठीवरून हात फिरवला. “देवाच्या मनात असेल तर निवळेल सगळं. पण दिवेलागणीला बाईमाणूस घरात हवं. ऊठ, मी येते सोडायला.”

गल्लीभर त्या तिला समजावत राहिल्या. कुंदाचे पाय दारापाशी थबकले, तेव्हा बेल काकूंनीच वाजवली.