रस्ता ओलांडणारी माणसं

गावकऱ्यांच्या न्यासानं वृद्धाश्रमासमोर झेब्रा पट्टे मागितले, तेव्हा नगरपालिकेनं विचारलं, “तिथून रस्ता ओलांडतंय कोण?” गाड्यांच्या धास्तीनं पलीकडच्या बेकरीतही कुणी जात नव्हतं. शेवटी रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची मोजणी ठरली. नगरपालिकेचा कारकून मोजणीचं बटणाचं यंत्र घेऊन घडीच्या खुर्चीवर बसला. न्यासातली, वृद्धाश्रमातच राहणारी लिओबा आजी वॉकर ढकलत रस्त्यात उतरली. मागोमाग सगळा वृद्धाश्रम. जायचं, वळायचं, परत यायचं. आजीचे गुडघे ठणकत होते. कारकून वैतागला. “आजी, तुम्ही मघाशीच गेलात की.” “एका माणसानं एकदाच ओलांडावं, असा नियम दाखव.” त्यानं नियमावली चाळली आणि बटण दाबलं. संध्याकाळी तो खुर्ची मिटवू लागला, तर आजी पुन्हा निघाली. “मोजणी संपली, आजी.” “ठाऊक आहे. आता बेकरीतून पाव आणायचाय.” ट्रक भरधाव येत होता. कारकून मिटलेली खुर्ची आडवी धरून तिच्यापुढे रस्त्यात उतरला.