डबलशीट

पोलीस दिसले की माणसं गाडी वळवून पळतात. कानिफनाथ मात्र पोलिसांनी आपल्याला अडवावं म्हणून काष्टीच्या फाट्यावर तिसऱ्यांदा सायकल घेऊन आला होता. दोनदा तिथल्या पोलीसबाईनं नुसता हात हलवला होता, "जा बाबा, जा."

तिसऱ्यांदा त्यानं सायकल तिच्या पुढ्यातच आडवी लावली.

"मॅडम, तपासा."

"काय तपासू?"

"गाडी."

"बाबा, सायकल आहे ती. घ्या बाजूला."

"सायकल कशी? मोटर हाय तिला! मघाशी त्या पोराची गाडी पार उलटीपालटी करून बघितली तुमी. मग आमी काय माणसं न्हाई का?"

पोलीसबाईच्या छातीवरच्या पट्टीवर मोनिका असं नाव होतं. तिला हसू आलं. तेवढ्यात दोन बिनहेल्मेटवाले मागून सटकले, त्यांचं चांगलंच फावलं.

आता म्हाताऱ्याला ही हौस कसली, तर कारण मागून चालत येत होतं. गोजरबाई, त्याची बायको. एका हातात बाजाराची पिशवी, दुसरा हात दुखऱ्या गुडघ्यावर. तिच्या गुडघ्यासाठीच तर कानिफनाथनं मोटर बसवली, मागं रेग्झिनची गादी शिवून घेतली. पण बाई बसेल तर शप्पत! लग्न होऊन सासरी येताना याच फाट्यावर हवालदारानं डबलशीट म्हणून दोन्ही चाकांची हवा सोडली होती आणि नव्या नवरीला वस्तीपर्यंत चार मैल चालवलं होतं. तेव्हापासून ती सायकलवर बसली नाही. मोटर बसली तेव्हा म्हणाली, "पोलीस बस म्हनंल, तवा बसन." महिना झाला, धनी मोटारीवर आणि मालकीण पायी, अशी वरात बाजाराला जात होती आणि लोक दात काढत होते. कानिफनाथला ते फार लागायचं.

मोनिका उकिडवी बसली. मोटारीवरचे आकडे वाचले.

"अडीचशे वॅट. पळते किती?"

"पंचवीस. त्याच्या वर न्हाई, आईशप्पत."

"मग पासिंग नको, लायसन नको. लाईट लावा बघू."

दिवस कलला होता. पुढचा दिवा झकास लागला. मोनिका मागं गेली आणि डोळ्यावर हात धरून म्हणाली, "बंद करा, बंद करा! मागं पांढरा कशाला लावलाय?"

"मागं बायको बसनार. मागनं येनाऱ्याला ती नीट दिसाय नको?"

"अहो बाबा, पांढरा दिसला की त्याला वाटणार गाडी समोरून येतीय. गोंधळेल तो. मागं तांबडाच पाहिजे."

कानिफनाथचं तोंड एवढंसं झालं. वायर त्यानं ओढलेली, बटण त्यानं बसवलेलं, आणि चुकावं तेही तिच्यासाठी केलेल्या कामात. आणि नेमकी तेव्हाच गोजरबाई येऊन पोचली.

"म्या म्हनलंच हुतं," ती म्हणाली. "चला आता, हातानं ढकलत."

कानिफनाथ हँडलच्या पिशवीतून पक्कड काढून दिवाच उपटायला निघाला.

"थांबा हो, लगेच काय उपटता!" मोनिकानं फाट्यावरच्या गॅरेजवाल्याला हाक मारली. "ज्ञानेश्वर, जुन्या गाडीची लाल काच असेल तर आण रे."

काच आली. एका बाजूनं तडकलेली, पण लाल. दिव्यावर ती नीट बसेना, तर कानिफनाथनं कानशीनं कड घासली, दोन स्क्रू आवळले. पोलीसबाईनं मोबाईलची बॅटरी धरली. बटण दाबलं आणि मागं तांबडा उजेड पडला.

"आता कसं!" मोनिका म्हणाली. "ओक्के. जावा."

पण गोजरबाई हलेना. तिनं पोलीसबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बाई, आमी दोघं बसलो तर हवा सोडशीला का गं?"

"हवा?" मोनिकाला काही कळेना. "कशाची हवा?"

"चाकाची."

"चाकाची हवा कोण कशाला सोडंल, आजी? गुडघा धरून चालताय आणि मोटर असून नवऱ्याच्या मागं बसत नाही होय? बसा आधी. आणि पदर खोचा नीट, चाकात जाईल."

गोजरबाईनं पदर खोचला. पिशवी मांडीवर घेतली. मग एका बाजूनं, जरा लाजत, गादीवर टेकली. कानिफनाथनं एकदा मागं वळून बघितलं, खरंच बसलीय का म्हणून. बसली होती. मोटर घुंई करून निघाली आणि रस्त्यात चिटपाखरू नसताना त्यानं आनंदानं दोनदा घंटी वाजवली.

"सावकास," ती म्हणाली आणि त्याच्या सदऱ्याची कड मुठीत धरली.

कडुसं पडत आलं, अंधारायला लागलं. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे पुढच्या दिव्याचा पट्टा. वस्तीचा वळणरस्ता आला तसा कानिफनाथनं ब्रेक दाबला आणि हँडल वळवलं.

मागून सदऱ्याला हिसका बसला.

"हिकडं कुटं?"

"अगं, घरी."

"एवढ्यात? सरळ घ्या."

"सरळ कुटं?"

"रस्ता जाईल तिकडं," गोजरबाई म्हणाली. "लायटी काय गोठ्यात लावाय बशिवल्यात व्हय?"