त्रिफोनचा सण

चाळीस दिवस होईपर्यंत तान्ह्याचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते, असं आमच्या प्लोवदिवच्या म्हाताऱ्या सांगतात. शेजारच्या व्हेलिचकाने ते निगुतीने पाळलं. आणि चाळीस दिवस भरायच्या आतच, फार रडतो म्हणून दवाखान्यात नेलेल्या तिच्या त्रिफोनला बालकल्याणवाले तिथूनच घेऊन गेले.

कोर्टात डॉक्टर काल्चेव्हनी बाळाचा एक्स-रे खिडकीतल्या उजेडासमोर धरला आणि खांद्याजवळच्या मोडलेल्या हाडावर बोट ठेवलं.

"जन्मताना ओढलं होतं हो त्याला!" व्हेलिचका ओरडली.

"हाड खोटं बोलत नाही, बाई. माणसं बोलतात."

न्यायाधीशांनी मान डोलावली. बाळ दत्तक गेलं. कुठे, ते कुणी सांगेना.

मग व्हेलिचकाने कोर्टात खेटे घालून घालून तो एक्स-रे मागून घेतला. मला बरं वाटलं. म्हटलं, "शाब्बास पोरी! राजधानीत, सोफियाला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखव तो. त्या काल्चेव्हला नाक घासायला लाव!"

ती नुसती हसली.

संत त्रिफोनचा दिवस आला, म्हणजे पोराच्या नावाचा सण. या सणाला आमच्याकडे बोलावणं लागत नाही, म्हणून मी वाइनची बाटली घेऊन गेले. दार सताड उघडं होतं. जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. एक्स-रे स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवलेला होता, आणि त्यातून ऊन येत होतं.

 

"ये ना मावशी," ती म्हणाली, "बघ, खांदे अगदी माझ्या बाबांवर गेलेत."