पाहुण्याची तालीम

"फाटकापासनं चालत या आत्या. पिशवी हातातच असू द्या, म्हंजी खरा पाहुणा आल्यागत वाटंल."

सासूला, म्हाळसाबाईंना, एवढं सांगून वर्षाराणी वही-पेन घेऊन कॉटेजच्या दारात उभी राहिली. पुण्याचं एक कुटुंब चार वाजता येणार होतं. पहिलंच बुकिंग. त्याआधी घरातल्याच कुणाला तरी पाहुणा करून आत फिरवावं, म्हणजे काय राहिलंय ते कळतं, असं तिने मोबाइलवर ऐकलं होतं. घरात तेवढा वेळ म्हाळसाबाईंनाच होता. त्यांची पिशवीही सकाळीच भरून झाली होती, कारण साडेदहाच्या एसटीने त्या धाराशिवला थोरल्या मुलाकडे, शिवराजकडे निघाल्या होत्या. कायमच्या.

म्हाळसाबाई फाटकातून आत आल्या. येरमाळ्याच्या आसपास कुठला आलाय समुद्र. पण वर्षाराणीच्या नवऱ्याने, कुमारने, तळ्याच्या काठावर दोन ट्रॉल्या वाळू पसरली, निळी छत्री रोवली आणि ‘बीच कॉटेज’ अशी ठसठशीत पाटी लावून टाकली होती. वाळूत चपला रुतायला लागल्या तशा बाईंनी त्या काढून हातात घेतल्या. एका हातात पिशवी, एका हातात चपला, अशा त्या दाराशी येऊन थांबल्या.

"या, या. प्रवास कसा झाला?" वर्षाराणीने ठरल्याप्रमाणे विचारलं.

"बरा झाला. लांब न्हाय," म्हाळसाबाई म्हणाल्या.

गेल्या दिवाळीपर्यंत ही त्यांचीच खोली होती. आता खाली पांढऱ्या फरशा, खिडकीला शिंपल्यांची माळ, मधोमध मोठा पलंग. ज्या कोपऱ्यात थंडीच्या दिवसांत त्या कोकरं बांधायच्या, तिथे संडास-बाथरूम झालं होतं. म्हाळसाबाईंनी त्याचं दार उघडून आत पाहिलं आणि पुन्हा हळूच लोटून घेतलं.

वर्षाराणी गेले आठ दिवस सासूच्या भांडणाची वाट पाहत होती. मागच्या दोन खोल्यांत आम्ही चार माणसं, पाचवं कुठं मावायचं, हे उत्तर तिने तोंडपाठ करून ठेवलं होतं. पण म्हाळसाबाईंनी विचारलंच नाही. शिवराजकडे जायचं ठरलं तेव्हा त्या ‘बरं’ एवढंच म्हणाल्या. त्या ‘बरं’ने वर्षाराणीची झोप उडवली होती. चार शब्द बोलल्या असत्या तर तिला मोकळं वाटलं असतं.

"बसा की पलंगावर. जरा आडवं होऊन बघा."

म्हाळसाबाई आडव्या झाल्या, पण पाय त्यांनी चादरीच्या बाहेरच ठेवले. छताकडे बघत म्हणाल्या, "ह्या खिडकीतनं सकाळचं ऊन सरळ डोळ्यावर येतंय. पडदा जाड लाव."

वर्षाराणीने लिहून घेतलं.

"माठ आत कशाला ठेवलास? दारात ठेव. उन्हाचं आलेल्या माणसाला आधी पानी दिसाय पायजे."

तेही लिहून घेतलं.

"आन् रातच्याला तळ्यावर टिटव्या वरडत्यात. शहरातली पोरं भेत्यात. आधीच सांगून ठिव."

हे तिला सात जन्मांत सुचलं नसतं. लिहिता लिहिता तिला सासूबद्दल माया वाटली आणि स्वतःची लाजही. बाहेर कुमारने मोटारसायकल चालू केली.

"आई, आटप. येष्टी चुकंल."

म्हाळसाबाई उठल्या. चादरीवर पडलेली सुरकुती त्यांनी हाताने सारखी केली आणि पिशवी उचलली. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला छापील कागद त्यांना दिसला.

"ह्यात काय लिवलंय?"

"जायच्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची, असं."

"आन् पाव्हणा निघाला म्हंजी तू काय म्हननार?"

"काय म्हणायचं? थँक्यू म्हणायचं. परत या म्हणायचं."

म्हाळसाबाईंनी मान हलवली. "आधी ‘ऱ्हावा की आजून एक दिस’ म्हनाय पायजे. त्यो ऱ्हात नसतोय. त्याला बी ठावं असतंय, आपल्याला बी ठावं असतंय. पर म्हनाय पायजे. न्हायतर गादी कितीबी मऊ कर, आपुन कुनाच्या घरी आलतो, आसं वाटत न्हाय."

वर्षाराणीचं पेन थांबलं. आपल्याला काय ऐकवलं गेलं ते तिला नीट कळलं. तोंडपाठ केलेलं उत्तर इथे कामाचं नव्हतं. बाहेर हॉर्न वाजला.

"ऱ्हावा की आत्या, अजून एक दिस," ती म्हणाली. तालीम म्हणून म्हणाली की खरंच म्हणाली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

म्हाळसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"व्हय. आसंच," त्या म्हणाल्या. "पर नुसतं तोंडानं न्हाय. म्हनता म्हनता पाव्हण्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायची."

एवढं बोलून त्या पिशवी घेऊन तशाच दारात उभ्या राहिल्या.

वर्षाराणीच्या एका हातात वही होती, दुसऱ्या हातात पेन. तिने तेही लिहून घेतलं.