फाटकापासून वळणापर्यंत

"बाबा, सिग्नल सुटला की ही आधी आळस देते, मग निघते," मुलगा म्हणाला. गाडी वेगाची, बाकी सगळी कंपनीतून आली तशीच. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर तेवढा त्याला बदलून हवा होता. चार दिवसांच्या सुट्टीतले दोन आम्ही बापलेकांनी माझ्या गॅरेजात, गाडीखाली पाठीवर पडून काढले. काम फक्कड झालं.

निघताना त्याची आई नेहमीसारखी चपला घालून फाटकात, गाडीच्या खिडकीशी उभी राहिली. जुन्या कन्व्हर्टरवर नुसता ब्रेक सोडला तरी गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकायची. ही खिडकीवर हात ठेवून वळणापर्यंत सोबत चालायची आणि घरात बोलायचं राहिलेलं सगळं तेवढ्यात बोलून घ्यायची.

आज त्याने ब्रेक सोडला, गाडी जागची हलली नाही. ॲक्सिलरेटर जरासा दाबला, तर ती थेट वळणावर.

"बघितलंस, कशी उठते?" मी म्हणालो.

तिचा हात अजून खिडकीच्याच उंचीला होता.

"जुना भंगारात टाकला नाहीत ना?"