आठांच्या चार ओळी

“तीसच फोटो बसतात,” अनुया म्हणाली. “दोघं राहणार.”

तिच्या कॉम्प्युटरच्या दुकानात टेबलावर फोटोच्या चकचकीत कागदाचा एकच ए-फोर ताव उरला होता. दुसरा तिनेच घाईत उलट्या बाजूने छापला आणि शाई ओघळून सगळे चेहरे एकमेकांत मिसळले. असला कागद तेव्हा पनवेलमध्ये मिळत नव्हता, मुंबईहून आणावा लागे. स्टुडिओत फोटो धुऊन मिळायला दोन दिवस. सव्वा वाजला होता. समोरच्या रेशन कचेरीची खिडकी दोनला बंद होणार होती आणि उद्या पहाटे कर्नाळ्याच्या पायथ्याची ही सगळी वाडी ट्रकांत बसून वीटभट्ट्यांवर पांगणार होती. फोटो लावलेला अर्ज ज्याचा आज जाईल, त्यालाच भट्टीवर रेशन मिळणार होतं.

“कोन दोघं, तेवढं बोल ना पोरी,” दारातून वाडीतली जिजा म्हणाली. “सकाळधरनं केस इंचरून बसलोय आमी.”

यादीतली शेवटची दोन नावं तिची आणि तिच्या सासूची होती. अनुयाने यादी पालथी घातली.

वाडीचे अर्ज भरून देणारे दिनानाथ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांचं आयुष्य वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं. कॉम्प्युटरला त्यांनी अजून हात लावला नव्हता. पण मघापासून त्यांच्या हातात पट्टी होती आणि मांडीवरच्या पाकिटावर आकडे. एक फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद, साडेचार उंच. प्रिंटर कडेला कोरी जागा सोडतो, खाली जरा जास्तच. उभ्या कागदावर पाचांच्या सहा ओळी. तीस. अनुयाचं बरोबर होतं.

मग त्यांनी कागद मनातच आडवा केला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. पुन्हा एकदा. आपलंच कुठेतरी चुकत असणार.

“अनुया, मला यातलं काही कळत नाही... पण ताव आडवा धरला तर?”

“तर काय, काका?”

“आठांच्या चार ओळी. बत्तीस.”

अनुयाने पाकीट ओढून घेतलं. “लांबीत केसाएवढी जागा उरत नाही हो.”

“उरत नाही. पण बसतात. बहुतेक.”

“बहुतेक म्हणे,” ती हसली आणि भराभरा एकेक चेहरा नव्याने मांडायला लागली.

चकचकीत बाजू जिजासकट तिघांनी तपासली, मग ताव प्रिंटरमध्ये गेला. कर्रकर्र करत चार-चार चेहरे आडवे बाहेर यायला लागले. दाराबाहेरचे सगळे आत घुसले.

“ह्यो बग बाळ्या, निजूनच आला,” जिजा दिराला म्हणाली. “कामावर बी असाच असतोस.”

बाळ्यासकट सगळे हसले. दिनानाथांना हसू येईना. कागदाच्या अगदी शेवटच्या पट्टीत जिजा आणि तिची सासू होत्या. जिजाचा एक कान आला. डोळा. नाक. दुसरा डोळा. प्रिंटर मध्येच थांबला. दिनानाथांनी पट्टी घट्ट धरली. आपण उगाच तोंड उघडलं.

प्रिंटर पुन्हा कुरकुरला. दुसरा कान आला, कुडीसकट. मग खांद्याची कड. मग पांढरा कागद.

“बसले, काका, बसले!”

अनुयाने ताव आडवा धरून फुंकर घातली. शाई वाळताच तिने कात्री उचलली. जिजाने तिचं मनगट धरलं.

“जरा थांब गं. अशी सगळी एका जागी आता पाऊस लागल्याबिगर दिसायची नाय.”

वाडी तावाभोवती वाकली. म्हातारी सासू एकेका चेहऱ्याजवळ बोट नेऊन, न टेकवता, नाव घेऊ लागली.

अनुयाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग दिनानाथांकडे.

“थांबायला आहेत पाच मिनिटं,” घड्याळाकडे न बघताच ते म्हणाले.