मानेवरची रेघ

"माणसाची पारख मागून करावी," सर आरशातल्या सरांना म्हणाले. "तोंड काय, कुणीही धुऊन येतो."

भाषणाची तालीम चालू होती, आणि हजामतही. न्हाणीघराच्या दारात स्टूल, भिंतीवर मोठा आरसा, मांडीवर छोटा, खांद्यांवर जुनी चादर. हातात केस कापायचं मशीन गुरगुरत होतं. सरांचे केस बोटाच्या पेराएवढे. दोन-तीन महिन्यांतून एकदा सलूनमध्ये जाऊन ते नीट बसवून घ्यायचे आणि मधल्या काळात कल्ले, कानामागचं, मानेवरचं, सगळं घरीच राखायचं, हा त्यांचा शिरस्ता. सलूनवाले म्हणजे लुटारू, आणि त्यांच्याकडे दर पंधरवड्याला मान देणारे म्हणजे बावळट. सरांच्या हिशेबी जगातली बहुतेक माणसं या नाही तर त्या खात्यात जमा होती.

शाळेत ते कवायत शिकवायचे. रोज सकाळी मुलांच्या रांगेमागून फिरायचे आणि "मान खाली!" म्हणून ओरडायचे. कॉलरला केस टेकलेला दिसला की त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचे. मुलांनी त्यांचं नाव मानमोडे ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आज त्याच शाळेत त्यांचा सत्कार होता. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची, आणि त्यांच्या पाठीमागे सभागृह भरून तीच मुलं, आता चांगले बाप्ये झालेली.

"आज बघतील म्हणावं, रेघ कशी असते ती," सर म्हणाले. "फूटपट्टी लावा हवं तर. आणि शेवटी हे वाक्य टाकतो. या मानेला मी घरात कुणाचा हात लागू दिलेला नाही! टाळ्याच पडतील."

मागे बायको टॉवेल घेऊन उभी होती. मशीन थांबलं की मानेवरचे केस झटकायचे, एवढंच काम तिच्याकडे होतं. त्यातही ती घोळ घालते, असं सरांचं म्हणणं. टॉवेलचं टोक भिजवून मानेशी जी लागायची, ती लागलेलीच. बोटं तर अशी गार की अंगावर काटा यावा. "केस झटकतेस की भांडी घासतेस?" असं ते दर वेळी विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढचं बोलायला लागायचे. सर बोलायला लागले की घरात दुसरा कुठलाही आवाज ऐकू येत नसे.

तिचं आटोपलं की सर छोटा आरसा मागे धरून बघायचे. रेघ सरळ म्हणजे सरळ! मागच्या खेपेला सलूनवाल्यानेसुद्धा विचारलं होतं, "मागची लाइन कोण मारतं हो?" सर म्हणाले होते, "मी. शीक जरा."

"पहिल्या रांगेत आपल्यासाठी दोन खुर्च्या ठेवल्यात म्हणे," बायको म्हणाली. "मीही आले असते. कपडे इस्त्री करून ठेवलेत."

"तू येऊन काय दिवे लावणार? दुसऱ्या खुर्चीवर मला हारतुरे ठेवायला लागतील." मशीन अंदाजाने मानेवरून वर-खाली फिरलं आणि बंद झालं. "चल, झटक. गाडी येईल एवढ्यात. आणि आज तुझं ते चोळत बसणं नको. दोन फटक्यांत झटक आणि हो बाजूला. इतक्या वर्षांत तेवढं तरी शीक!"

बायको जराशी थांबली. मग तिने टॉवेलचे दोन फटके मारले आणि बाजूला झाली.

"शाब्बास! जमलं की नाही? आज हातसुद्धा गार लागले नाहीत." खुशीत येऊन सरांनी छोटा आरसा मागे धरला.

मानेवर जिना होता. डावीकडे एक पायरी, मधे खळगा, आणि उजव्या कानाखाली चिमूटभर केस तसेच राहिलेले, उंदराने कुरतडून सोडल्यासारखे. सरांनी आरसा चादरीला पुसला. जिना जागचा हलला नाही.

"हे काय करून ठेवलंस?" सर कडाडले.

"मी आज काहीच केलं नाही," बायको म्हणाली. "नुसतं झटकलं. हे तुमचंच आहे."

तिने टॉवेलची घडी उलगडली. आतून एक छोटा वस्तरा काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. सरांनी उठून त्याच्या पात्याला हळूच बोट लावलं. गार होतं. इतकी वर्षं ज्या गारव्यावरून त्यांनी तिला बोल लावले होते, तोच हा गारवा.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सरांच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली, आणि तिच्या मागच्या सगळ्या रांगा. त्यांनी मशीन उचललं, आरशात बघितलं आणि परत खाली ठेवलं. मग ते निमूट स्टुलावर बसले.

"झटक," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "म्हणजे... तू जे काय करतेस ना, ते कर."

"करते की," असं म्हणत बायको आतल्या खोलीकडे वळली. "आधी कपडे बदलून येते. तोवर मान खाली!"